खापर

एरंडोलच्या बाजारात, झेलाबाई कुंभारणीपुढे
उकिडवी बसून मी खापर पारखतेय.
बोटाचं पेर वाकवून आधी कडेशी, मग पोटाशी.
टण्ण आलं तर भाजलेलं.
भद्द आलं तर कुठेतरी तडा,
जो डोळ्याला दिसत नाही
आणि अखजीला, ऐन पंगत बसल्यावर,
कोपरापर्यंत झेललेला मांडा वर पडला
की चुलीवरच उलतो.

काल रात्री मारुतीच्या पारावर
लोटन महाराजांनी कुंती लावली होती.
माईक खरखरत होता.
"पोरीच्या जातीला धीर नाही," ते म्हणाले,
"ऋषीनं मंत्र दिला, ठेवायचा ना गाठीला?
पण नाही! बघू तरी, काय होतं!
त्या एका 'बघू तरी'पायी
अठरा अक्षौहिणी मातीत."
पुरुषांनी माना हलवल्या.
बायकांनीही. मीसुद्धा.
मांडीवरून हर्षदा तेवढी म्हणाली,
"बघायचं नव्हतं, तर दिला कशाला?"
मी तिच्या तोंडावर हात ठेवला.
तळव्याला तिचा श्वास लागत राहिला, गरम,
आरती होईपर्यंत.

हे झेलाबाईला सांगितलं.
सुटे पैसे मोजताना ती मान वर करत नाही.
"तू आते काय करी ऱ्हायनी?"
म्हटलं, ठोकून बघतेय.
"मंग?"

आणि सूर्य?
आज चव्वेचाळीस आहे.
आमच्याकडे त्याला मंत्र लागत नाही,
तो न बोलावता येतो, पत्र्यातून येतो,
ताडपत्रीच्या भोकातून येऊन
तांब्यातल्या पाण्यात बसतो.
ती म्हणाली होती त्याला, चुकलं माझं, परत जा.
तो म्हणाला, आलो की मी तसाच जात नसतो,
शाप देईन, तुझ्या बापालासुद्धा.
पोथीतच आहे.
लोटन महाराजांनी बोट ओलं करून
ते पान उलटलं.
पेटी नदीत सोडली ती तिनं.
तो दुसऱ्या दिवशी
नेहमीच्या वेळेला उगवला.

म्हणतात, एकचक्रा नगरी ती हीच.
पाच पोरं घेऊन ती इथे राहिली,
भिक्षेतलं अर्धं एकट्या भीमाच्या पानात.
अंजनीला तेव्हा पाणी असेल.
डोक्यावर घागर घेऊन उतरताना
प्रवाहात काही वाहत येतंय का
हे ती बघत असेल का, की त्या बाजूला
मान वळवायचंच तिनं सोडलं असेल?

इथून पुढे पांचाळात गेली, कुंभाराच्या घरी.
"आमनाच घर उतरनी व्हती ती,"
झेलाबाई सांगते, जणू मागच्या आठवड्यात.
दाराकडे पाठ होती. काम चाललं होतं हातात.
पोरं उंबऱ्यातून म्हणाली, माय, बघ काय आणलंय.
तिनं बघितलं नाही.
म्हणाली, वाटून घ्या.

बघितलं, म्हणून तो रणात रुतलेला रथ.
बघितलं नाही,
म्हणून सुनेचे पाच वाटे.
आता सांगा महाराज,
आमच्या डोळ्यांनी नक्की कुठे असावं?

शाळेत वाक्प्रचार होता,
खापर फोडणे: दोष देणे. वाक्यात उपयोग करा.
मी काय वाक्य केलं होतं आठवत नाही,
दोन पैकी दोन मिळाले होते एवढं आठवतं.
झेलाबाईला हे सांगितल्यावर ती खदखदून हसली,
पदराचं टोक दातात धरून.
"खापर महाग शे बाई.
कोनाबी डोकावर फोडाले नही."

तेवढ्यात पलीकडे टण्ण, टण्ण, टण्ण.
हर्षदा घागरींच्या रांगेत शिरलीय,
एकेकीला वाजवत सुटलीय.
माणसं थांबून बघतायत.
कुणीतरी म्हणालंच, कुणाची आहे ही पोरगी?
मी हात उचलला.

भद्द.

ती कान लावून परत एकदा वाजवते.
"आई," ती म्हणते, "ही नको."